कोतो, शाकुहाची आणि पियानो: मूळ रचना कोणती, अरेंजमेंट कोणती?

जपानी आणि पाश्चात्त्य वाद्यं एकत्र घेऊन काम करणाऱ्या तरुण संगीतकाराच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन तऱ्हेचं काम असतं. काही त्याच्या स्वतःच्या रचना, काही दुसऱ्या कुठल्यातरी सुरावटीवर केलेल्या अरेंजमेंट. दोन्हीकडे वाद्यं तीच: कोतो (तारा छेडून वाजवायचं लांबट जपानी वाद्य), शाकुहाची (बांबूची जपानी बासरी), व्हायोलिन, पियानो. त्यामुळे ऐकणारे, आणि बऱ्याचदा आयोजकही, सगळ्याला सरसकट 'फ्यूजन' म्हणून मोकळे होतात. पण मंचावर काय मांडलंय यावरून हा फरक कळत नाही. लिहिताना आधी स्वर ठरले होते की वाद्य, हे पाहावं लागतं.

जपानी कोतोवादक-संगीतकार मिचिओ मियागींची 'हारु नो उमि' ही रचना घ्या. मियागी जन्मले 1894 मध्ये, लहानपणीच त्यांची दृष्टी गेली आणि पहिली रचना त्यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी, 1909 मध्ये केली. 'हारु नो उमि' 1929 ची. मूळ रचना कोतो आणि शाकुहाचीसाठी आहे, म्हणजे वाद्यं पूर्ण जपानी. तिची बांधणी मात्र पाश्चात्त्य वळणाची: संथ भाग, मग चपळ भाग, मग पुन्हा संथ. 1932 मध्ये फ्रेंच व्हायोलिनवादक रने शेमे जपानला आल्या. त्यांनी शाकुहाचीचा भाग व्हायोलिनवर घेतला आणि मियागींच्या कोतोसोबत ध्वनिमुद्रित केला. व्हायोलिन आणि कोतोची ही जोडी पाहून कुणालाही वाटेल की मिश्र वाद्यांची मूळ रचना हीच. प्रत्यक्षात ही अरेंजमेंट आहे. कोतोचा भाग जागचा हललेला नाही, फक्त एक वाद्य बदललं.

या बदलात काय गेलं आणि काय आलं, हे नीट ऐकण्यासारखं आहे. शाकुहाचीत फुंकेची खरखर स्वराचाच भाग असते. वादक हनुवटी खाली घेऊन स्वर उतरवतो त्याला मेरी म्हणतात, आणि मेरीचा स्वर नुसता खाली येत नाही, तो मऊ आणि झाकोळलेलाही होतो. व्हायोलिनवर उंची तंतोतंत मिळते, पण तो झाकोळ आपोआप मिळत नाही. बदल्यात श्वासाची अडचण सुटते, लांब स्वर अखंड टिकतो, आवाजही भरदार होतो. चाल दोन्हीकडे ओळखू येते. वाद्य बदलूनही चाल शाबूत राहते, म्हणून अरेंजमेंट शक्य होते.

याच्या उलट टोकाला जपानी संगीतकार तोरु ताकेमित्सू यांची 'नोव्हेंबर स्टेप्स'. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या सव्वाशेव्या वर्षानिमित्त मागवलेली ही रचना 9 नोव्हेंबर 1967 रोजी सेजी ओझावांच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली. बिवा या जपानी तंतुवाद्यावर किन्शी त्सुरुता होत्या, शाकुहाचीवर कात्सुया योकोयामा. ताकेमित्सू तेव्हा 37 वर्षांचे होते. इथे दोन जपानी वाद्यं ऑर्केस्ट्रात मिसळून जात नाहीत. बराच वेळ ती आणि ऑर्केस्ट्रा आळीपाळीने बोलतात, आणि शेवटाकडे दोघांचा दीर्घ स्वतंत्र भाग येतो. बिवाचा भाग गिटारला देऊन पाहा. तारेची सावारी, म्हणजे आपल्या तंबोऱ्याच्या जवारीची नातेवाईक अशी झणझण, निघून जाते. लाकडी बाचीचा, म्हणजे तार छेडायच्या पट्टीचा, वाद्याच्या पोटावर बसणारा आघातही जातो. उरतात ते काही विरळ स्वर, ज्यांना एकटं काही अर्थ नाही. त्या वाद्याशिवाय हे संगीत उभंच राहत नाही, आणि मूळ रचनेची एवढी पक्की खूण दुसरी नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. अरेंजमेंट करणाऱ्याची पहिली अडचण शाकुहाचीच्या लांबीची असते. नेहमीची शाकुहाची 1.8 शाकूची (शाकू हे लांबीचं जपानी माप), म्हणजे सुमारे 54.5 सेंटिमीटर, पुढे चार आणि मागे एक भोक. तिचे मोकळे स्वर, म्हणजे भोकं पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडी ठेवून निघणारे, डी, एफ, जी, ए, सी. डी षड्ज धरला तर आपल्या कानाला हे सरळ धानी रागाचे स्वर. समजा डी मेजरमधली एखादी पाश्चात्त्य चाल हिच्यावर लिहिली. सात स्वरांपैकी डी, जी, ए एवढे तीनच मोकळे निघतात. ई, एफ शार्प, बी, सी शार्प हे चारही मेरीने किंवा अर्ध्या भोकाने काढावे लागतात. चालीचा कळस नेमका सी शार्पवर असेल आणि तिथे 'जोरात' अशी खूण असेल, तर तालमीत तो स्वर दबलेलाच येणार. दोष वादकाचा नसतो, लिहिणाऱ्याचा असतो. उपाय सोपा: 1.6 ची शाकुहाची मागा. तिचे मोकळे स्वर ई, जी, ए, बी, डी. पाचही डी मेजरमध्ये बसतात, अडचणीचे दोनच उरतात. चालीची पट्टी बदलण्याआधी नळी बदलून पाहावी. चांगल्या वादकाकडे तीन-चार लांबीच्या शाकुहाची असतातच.

दुसरी चूक एकाच स्वराच्या जलद आवर्तनांची. बासरी किंवा ट्रंपेटवर जिभेने होणारे एकसारखे सोळांश स्वर पारंपरिक शाकुहाचीत तसे होत नाहीत. तिथे दोन सारखे स्वर जिभेने नव्हे, भोकावर बोट मारून तोडले जातात. म्हणून अशी ओळ पियानोला द्यावी आणि शाकुहाचीला तिचा सांगाडा ठेवावा.

कोतोचं गणित वेगळं. तेरा तारा, प्रत्येकीखाली सरकणारी घोडी. हिराजोशी या प्रचलित जुळणीत तारा अशा लावतात: डी, जी, ए, बी फ्लॅट, डी, ई फ्लॅट, जी, ए, बी फ्लॅट, डी, ई फ्लॅट, जी, ए. पहिली तार बहुधा पाचवीच्याच उंचीला असते. डी षड्ज धरला तर हे गुणकली रागाचे स्वर, म्हणून मराठी श्रोत्याला कोतो पहिल्यांदा ऐकतानाही ओळखीचं वाटतं. पाच स्वरांत तेरा तारा दोन सप्तकांच्या थोड्या पलीकडे पोचतात. सात स्वरांची पाश्चात्त्य पट्टी लावली की त्याच तेरा तारा दोन सप्तकं पुरी करायलाही दोन स्वरांनी कमी पडतात. खर्जाची बाजू हवी तर मियागींनीच 1921 मध्ये बनवलेला सतरा तारांचा कोतो घ्यावा.

आयत्या वेळी लागणारा स्वर डाव्या हाताने घोडीच्या पलीकडे तार दाबून मिळतो: अर्धा स्वर किंवा पूर्ण स्वर, पण प्रामुख्याने वरच. म्हणून एफ आणि एफ शार्प दोन्ही लागणार असतील तर तार एफलाच लावायची. एफ शार्पला लावली की एफ मिळवायला घोडी सरकवावी लागते. संथ गतीत दाबलेला स्वर सुंदर लागतो, जलद तानेत तो अस्थिर आणि थोडा बेसूर होतो. मध्येच पट्टी बदलायची असेल तर वादकाला घोड्या हलवायला वेळ द्यावा, म्हणजे तेवढ्या मात्रा विश्रांती लिहावी आणि कोणती तार कुठे न्यायची ते तिथेच नोंदवावं. पियानोची अरेंजमेंट जशीच्या तशी कोतोवर उतरवली की सगळ्यात जास्त इथेच फसते, कारण पियानोला पट्टी बदलायला काहीच करावं लागत नाही.

मूळ रचना लिहिणारा याच मर्यादा कच्चा माल म्हणून वापरतो. ई फ्लॅट 1.8 वर मेरीचा, म्हणून झाकोळलेला? मग जिथे स्वर विरून जायला हवा तिथेच तो ठेवायचा, आणि मोकळा डी आला की आवाज आपोआप उघडतो. कोतोची तार छेडल्यावर लवकर विझते, तर त्या विझण्यात चेलोने त्याच उंचीवर अलगद शिरायचं. नखीने छेडलेल्या तारेला मागाहून दाबून वर नेणं ही सजावट न राहता मुख्य विषय होऊ शकते. अशी ओळ पियानोवर लिहिताच येत नाही.

दोन्हींना एक धोका सारखाच आहे, पियानोचा आवाज. मधल्या सप्तकात पियानोचे भरगच्च स्वरसमूह आले की कोतो त्याखाली गाडला जातो. पियानोने खालच्या किंवा अगदी वरच्या भागात राहावं, झाकण अर्धंच उघडावं. स्वर जुळवायचे तेही पियानोवरूनच. त्याची उंची कार्यक्रमापुरती ठरलेली असते. कोतोच्या घोड्या सरकतात. शाकुहाची थंड सभागृहात उतरते आणि गरम झाली की चढते, म्हणून ती दहा मिनिटं वाजवल्यावर मगच जुळवणी करावी.

सीमेवरचीही उदाहरणं आहेत. 'साकुरा' हे पारंपरिक गाणं. मियागींनी 1923 मध्ये त्यावर कोतोंसाठी केलेली विविधरूपी रचना ऐकताना मूळ चाल सतत दिसते. तरी चालीपेक्षा तिच्यावरचं काम मोठं आहे, म्हणून ती स्वतंत्र रचना मानणंच योग्य. याउलट एखाद्याने बासरी-पियानोसाठीची स्वतःचीच रचना शाकुहाची-कोतोला दिली, तर ती त्याची असूनही अरेंजमेंटच, आणि पत्रिकेत तसंच छापावं.

लेखनाचं म्हणाल तर कोतोवादक बहुधा तारांचे क्रमांक वाचतात, शाकुहाचीवादक रो, त्सु, रे, ची या अक्षरलिपीतून, व्हायोलिन-पियानोवाले पाच रेघांवरून. तिन्ही प्रतींत मापांचे क्रमांक आणि तालमीत जागा सांगायची अक्षरं एकच ठेवा आणि कोतोच्या प्रतीवर पहिल्याच पानावर जुळणी लिहा. हे राहिलं तर पहिली तालीम 'कुठून सुरू करायचं' यातच जाते.

हक्कांच्या बाबतीत हा फरक थेट पैशाचा होतो. मूळ रचनेला कुणाची परवानगी लागत नाही. अरेंजमेंटला लागते, जोवर मूळ कृती हक्कमुक्त नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची अरेंजमेंट हे रूपांतर मानलं आहे आणि मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. जपानमध्ये डिसेंबर 2018 पासून ती 50 ऐवजी 70 झाली, पण आधीच संपलेले हक्क परत आले नाहीत. मियागी 1956 मध्ये वारले, त्यामुळे 'हारु नो उमि' दोन्ही देशांत मोकळी. ताकेमित्सू 1996 मध्ये गेले. त्यांच्या कृती जपानात 2066 अखेरपर्यंत, भारतात 2056 अखेरपर्यंत संरक्षित. जपानची जास्राक ही संस्था सादरीकरणाचा परवाना देते, अरेंजमेंटचा नाही. तो रचनाकार किंवा प्रकाशकाकडून वेगळा मागावा लागतो. 'साकुरा'ची चाल कुणाचीच नाही, पण दुसऱ्याने केलेली तिची अलीकडची अरेंजमेंट त्याची असते. छापील प्रत हाताशी असली तरी तिच्यावरून पुढे अरेंज करू नये, पारंपरिक चालीपासून स्वतः सुरुवात करावी.