शेफील्ड फुटबॉल क्लब : प्रारंभिक इतिहास

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील शेफील्ड शहरात १८५७ मध्ये स्थापन झालेला हौशी फुटबॉल संघ. हयात असलेला जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून तो सामान्यतः ओळखला जातो. चाकू-कात्र्या आणि पोलाद यांसाठी नाव असलेल्या याच शहरातील ‘शेफील्ड वेन्सडे’ (१८६७) व ‘शेफील्ड युनायटेड’ (१८८९) या नंतरच्या संघांशी त्याची गल्लत केली जाते. तिन्ही संस्था वेगळ्या आहेत.

स्थापनेची तारीख २४ ऑक्टोबर १८५७ अशी देतात. काही जुन्या लेखनात १८५५ हे साल आढळते. शेफील्ड क्रिकेट क्लबचे सभासद हिवाळ्यात अंग गरम ठेवण्यासाठी आपसांत चेंडू खेळत, त्या अनौपचारिक खेळापासून मोजल्यास ते साल येते. संस्था म्हणून क्लबचे वय धरायचे तर १८५७ हेच ग्राह्य वाटते. ‘सर्वांत जुना’ या बिरुदालाही प्रतिस्पर्धी आहेत. एडिंबरो येथे जॉन होप यांनी १८२४ मध्येच एक फुट-बॉल क्लब काढला होता, पण तो टिकला नाही. केंब्रिज विद्यापीठाचा संघ आपली सुरुवात १८५६ ची सांगतो. तेथे वादाचा मुद्दा असा, की विद्यार्थ्यांच्या मंडळाला खुला क्लब म्हणावे की नाही.

संस्थापक दोन : नॅथॅनिएल क्रेझविक (१८३१–१९१७) हे वकील आणि विल्यम प्रेस्ट (१८३२–८५) हे मद्यविक्रेते. दोघेही क्रिकेट खेळत. पहिले अध्यक्ष फ्रेडरिक वॉर्ड. त्यांचे वडील टॉमस अ‍ॅस्लाइन वॉर्ड यांच्या ईस्ट बँक रोडवरील आवारातील काचघर हे क्लबचे पहिले कार्यालय आणि लगतचे शेत हे पहिले मैदान. खेळायला दुसरा क्लबच नसल्याने आरंभी सभासदच आपसांत वाटण्या करीत. विवाहित विरुद्ध अविवाहित अशा लढती होत.

नियमांचा उगम : ऑक्टोबर १८५८ मध्ये मंजूर झालेले व पुढील वर्षी छापलेले अकरा नियम हे क्लबच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे साधन होय, ते कोठून आले, हा सर्वांत वादग्रस्त प्रश्न. स्थानिक कॉलेजिएट स्कूलमध्ये शिकलेले सभासद बरेच असल्याने हॅरोसारख्या ‘पब्लिक स्कूल’मधून (नाव पब्लिक असले तरी या श्रीमंतांच्या खाजगी निवासी शाळा) खेळ येथे आला, असे पूर्वी सरधोपट मानले जाई. क्रीडा-इतिहासकार एड्रियन हार्वी यांनी ते खोडून काढले : अशा शाळांतून आलेले सभासद मोजकेच होते, तर शेफील्डच्या आसपास पेनिस्टन, थर्लस्टन या गावांत १८४० च्या दशकात पैज लावून सामने होत असल्याचे वृत्तपत्रांतून दिसते. उलट ग्रॅहम करी व एरिक डनिंग या अभ्यासकांनी शाळांच्या प्रभावाच्या बाजूने कॉलेजिएट स्कूलच्या केंब्रिजशिक्षित अध्यापकांकडे लक्ष वेधले.

नियमांची भाषा तपासल्यास तिसरीच गोष्ट पुढे येते. खेळाची सुरुवात मध्यभागी ठेवलेल्या चेंडूला लाथ मारून करणे, गोलकडून चेंडू पुन्हा खेळात आणताना पंचवीस यार्डांची मर्यादा, चेंडू अधांतरी झेलणाऱ्यास मिळणारी फ्री किक, रेषेबाहेर गेलेल्या चेंडूला प्रथम हात लावणाऱ्या बाजूने तो सरळ आत फेकणे, ही सर्व परिभाषा रग्बी शाळेच्या १८४५ च्या नियमांशी जुळते, हे इतिहासकार टोनी कॉलिन्स यांनी दाखविले आहे. मात्र रग्बीचा गाभा, म्हणजे चेंडू घेऊन धावणे आणि नडगीवर लाथा मारणे, शेफील्डने नेमका वगळला. चेंडू हाताने ढकलण्यास वा मारण्यास मुभा होती, धरण्यास नाही. प्रतिस्पर्ध्याला हातांनी ढकलणे चालत असे, पाय घालून पाडणे नाही. ऑफसाइडचा (चेंडूच्या पुढे, प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे उभ्या असलेल्या खेळाडूवर बंधन घालणारा) नियम नव्हताच. तेव्हा शब्द शाळेचे आणि खेळ बव्हंशी गावचा, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या जवळ जाते. शेवटचा नियम फलालीनच्या टोप्यांचा आहे : प्रत्येक खेळाडूने एक तांबडी व एक गडद निळी टोपी स्वतःची आणावी आणि एका बाजूने एकच रंग घालावा. संघ दरवेळी नव्याने पाडले जात, याची ती खूणच.

सु. १८६२ मध्ये ‘रूज’ ही गुणपद्धती ईटन शाळेच्या खेळावरून घेतली गेली. गोल फक्त चार यार्ड रुंद. त्याच्या दोन्ही बाजूंस चार-चार यार्डांवर आणखी एकेक निशाण. त्यांमधून गेलेल्या चेंडूला चढाई करणाऱ्याने प्रथम हात लावला तर एक रूज. गोल समान झाले तरच रूज मोजीत. १८६८ मध्ये ती बंद झाली.

पहिले सामने : ४ सप्टेंबर १८६० रोजी हॅलम हा शेजारचा क्लब निघाला आणि २६ डिसेंबरला सँडीगेट मैदानावर बर्फात दोघांचा सामना झाला. दोन क्लबांमधील पहिला सामना म्हणून तो नमूद केला जातो. शेफील्डने तो २–० असा जिंकला. खेळाडूंच्या संख्येविषयी एकवाक्यता नाही.

२९ डिसेंबर १८६२ रोजी शेफील्डमधील ब्रॅमॉल लेन मैदानावर याच दोघांत मदतनिधीसाठी सामना झाला. अमेरिकेतील यादवीमुळे कापूस थांबून लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या होत्या (याच टंचाईत मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांची चांदी झाली). त्या बेकार गिरणी कामगारांसाठी हा निधी होता. सामना गोलशून्य राहिला, गाजला तो हाणामारीमुळे. वृत्तपत्राच्या मते शेफील्डचे संस्थापक मेजर क्रेझविक यांचा हात हॅलमच्या वॉटरफॉल यांना चुकून लागला, तेव्हा वॉटरफॉल यांनी वास्कोट भिरकावून हल्ला चढविला आणि अखेर त्यांना गोल राखायला धाडण्यात आले. हॅलमच्या खेळाडूंनी लगेच पत्र लिहून उलट हकिकत मांडली : पंचांच्या निर्णयाची वाट पाहत असता मेजरनीच चेंडू हिसकावला आणि पहिला ठोसाही त्यांचाच. प्रचलित इतिहासात वृत्तपत्राचीच हकिकत उतरली आहे.

लंडनशी संबंध : १८६३ च्या अखेरीस लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन (एफए) ही खेळाचे नियम ठरविणारी संघटना स्थापन झाली, तेव्हा शेफील्डचे चिटणीस विल्यम चेस्टरमन यांनी वर्गणीसह पत्र पाठविले. चेंडू घेऊन धावणे व नडगीवर लाथा मारणे यांना परवानगी देणारी मसुद्यातील कलमे फुटबॉलच्या विरुद्ध आहेत, दुसरे तर कुस्तीसारखे आहे, असे त्यांनी कळविले. ती कलमे पुढे गळाली, पण त्याचे श्रेय एकट्या या पत्राला देता येत नाही. ३१ मार्च १८६६ रोजी बॅटरसी पार्कमध्ये लंडनविरुद्ध सामना झाला, शेफील्ड हरले. १८६७ मध्ये शेफील्ड असोसिएशन निघाल्यावर नियमांची सूत्रे तिच्याकडे गेली. तिने आणलेली कॉर्नर किक लंडनने १८७२ मध्ये उचलली. १८७७ मध्ये दोन्ही नियमावल्या एक झाल्या : थ्रो-इन कोणत्याही दिशेने करण्यास मुभा मिळाली आणि शेफील्डने लंडनचा ऑफसाइड पत्करला.

१८८५ मध्ये व्यावसायिकता (खेळण्यासाठी पैसे घेणे) मान्य झाली. क्लब हौशीच राहिला आणि मागे पडला. १९०४ मध्ये त्याने एफए अमॅच्युअर कप ही हौशी संघांची स्पर्धा जिंकली. २००१ पासून तो शेजारच्या डार्बीशर परगण्यातील ड्रॉनफील्ड येथे खेळू लागला. १८५८ च्या नियमांचा हस्तलिखित मसुदा व अन्य कागदपत्रे २०११ मध्ये लिलावात ८,८१,२५० पौंडांना विकली गेली.