गोतसभा

गोतसभा : मध्ययुगीन महाराष्ट्रात मुख्यतः वतनाच्या तंट्यांचा निवाडा करणारी वतनदार-बलुतेदारांची सभा. गावच्या सभेत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत. परगण्याच्या सभेत देशमुख-देशपांडे. सरकारी अंमलदारांसह भरली की ती मजलस आणि तिचे निवाडपत्र म्हणजे महजर.

तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत राजनियुक्त अधिकाऱ्यांखाली पूग (एका ठिकाणच्या नाना लोकांचा समूह), श्रेणी (व्यवसायसंघ), कुल (नातलगांचा समूह) अशी न्यायसभांची उतरंड आहे. गोतसभा हा तिचाच अवशेष, असे एक मत. दुसऱ्या मताने ती सुलतानी काळातील मजलसेतून निघाली. मजलस व महजर हे शब्द अरबी असून ‘महजर’ हा ‘हजर’च्याच धातूचा. मात्र उपलब्ध महजर बहुतांशी सतराव्या-अठराव्या शतकांतले असल्याने मागचे सारे अनुमानच ठरते. ‘गोत’ शब्द ‘गोत्र’पासून आला असला, तरी या सभेत नाना जातींची माणसे बसत. तेव्हा सभा जुनी व तिची कागदोपत्री रीत नवी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

अग्रवादी (फिर्यादी) व पश्चिमवादी (प्रतिवादी) आपापल्या तकरिरा, म्हणजे लेखी कैफियती, देत. निवाडा मान्य करू असे आधीच लिहून देत, त्याला राजीनामा म्हणत. पद सोडणे हा आजचा अर्थ नंतरचा. स्थानिक गोत पक्षपाती वाटल्यास परस्थळ, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे निवाडा, मागता येई. भोगवटा (प्रत्यक्ष उपभोग), कागदपत्रे व साक्षी यांनी निर्णय न झाल्यास दिव्य, म्हणजे अंगाला इजा होते की नाही यावरून खरेखोटे ठरवणारी कसोटी. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढावा लागे व हात बांधून त्यावर मोहोर करीत. हरणारा जिंकणाऱ्यास यजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, लिहून देई. सरकार जिंकणाऱ्याकडून हरकी (नजराणा), हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड) घेई.

महजरावर पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांच्या अवजारांच्या निशाण्या एकत्र दिसतात. शिवेच्या तंट्यांत महाराची साक्ष मोलाची असे. याला समता म्हणता येणार नाही. तरीही ज्यांना इतरत्र कोणी विचारत नसे त्यांचा शब्द येथे कागदावर आला, ही या संस्थेची सर्वांत महत्त्वाची बाब होय.

पेशवाईत निवडक पंचांची पंचायत व हुजुरातील (पेशव्यांच्या दरबारातील) न्यायाधीश यांचे महत्त्व वाढले. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने पंचायत टिकवण्याचा प्रयत्न केला. 1827 च्या मुंबई कायद्यांनंतर ईस्ट इंडिया कंपनीची न्यायालयेच मुख्य झाली.