कपाट उघडत नाहीये

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये माझ्या मेव्हण्याचं छोटं वर्कशॉप आहे. कॉम्प्युटर तीन. त्यांतल्या एकावर सगळी ड्रॉइंग्ज, म्हणून त्या मशीनला तिथे सगळे 'कपाट' म्हणतात. गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला, "भाऊजी, कपाट उघडत नाहीये."

नाव त्यांचं असलं तरी नेटवर्कवर ते मीच चालू करून दिलं होतं. नेटवर्कवर निरोप पोचतो तो आकड्यांच्या पत्त्यावर, आणि कपाटाचा पत्ता होता १९२.१६८.१.१२. तो पाठ कोण करणार? म्हणून बाकीच्या दोन मशीनवर 'होस्ट्स' नावाच्या फाइलीत एक ओळ घातली : आधी आकडे, थोडी मोकळी जागा, मग नाव. (हे सगळं रोमन लिपीत बरं का, देवनागरी आकडे तिथे चालत नाहीत.) विंडोजमध्ये ही फाइल सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी अशा फोल्डरांच्या पार तळाशी असते. बदलायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. त्यातून नोटपॅड सेव्ह करताना नावामागे गुपचूप 'टीएक्सटी'चं शेपूट लावतं, आणि शेपूटवाल्या फाइलीकडे विंडोज ढुंकूनही बघत नाही. माझा अर्धा तास त्यातच गेला होता.

या फाइलीचं घराणं जुनं आहे. १९७० च्या दशकात, इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या नेटवर्कच्या काळात, अख्ख्या नेटवर्कची मिळून अशी एकच यादी असे. ती सांभाळायचं काम कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या चमूकडे होतं. नवं मशीन जोडलं की त्यांना कळवायचं, ते नोंद करणार, आणि बाकीच्यांनी ताजी प्रत उतरवून घ्यायची. मशीन शंभरांत मोजता येत होती तोवर हे निभलं. पुढे यादी इतकी वाढत आणि बदलत गेली, की प्रत उतरवेपर्यंत ती शिळी होऊ लागली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे 'डोमेन नेम सिस्टिम'ची, रचना मांडली. तिच्यात यादी एका जागी नसते. ज्याची नावं त्याने सांभाळायची, आणि हव्या त्या नावाचा पत्ता विचारत विचारत काढायचा.

जुनी फाइल मात्र प्रत्येक कॉम्प्युटरवर राहून गेली, आणि तिचा मान अजून पहिला. नाव दिसलं की कॉम्प्युटर साधारणपणे आधी घरची फाइल बघतो. तिथे नसेल तरच डीएनएसकडे जातो. घरच्या फाइलीत जे लिहिलंय ते बरोबर की चूक, हे तो कुणालाच विचारत नाही. वेबसाइट बनवणारे याचाच फायदा घेतात : नवा सर्व्हर जगाला दाखवण्याआधी फक्त स्वतःच्या मशीनवर तपासून बघतात. व्हायरसवालेही घेतात. बँकेच्या नावापुढे भलताच पत्ता लिहून ठेवतात. म्हणून ओळखीच्या बँकेच्या साइटवर ब्राउझरने सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखपत्राची, तक्रार केली, तर 'पुढे चला' दाबू नये.

तर, कपाट. मी जाऊन त्या नावाने पिंग करून, म्हणजे नेटवर्कवरून 'आहेस का?' अशी हाक मारून, पाहिलं. उत्तर झकास येत होतं, पण फोल्डर काही उघडेना. जिवंत मशीन, बंद दार! बराच वेळ डोकं खाजवल्यावर कपाटावरच जाऊन 'आयपीकॉन्फिग' ही मशीनचा स्वतःचा पत्ता दाखवणारी कमांड दिली, तर तिथे शेवटचा आकडा १२ नव्हताच, १७ होता. आदल्या दिवशी लाइट गेली होती. राउटर नव्याने चालू झाल्यावर त्याने पत्ते नव्याने वाटले, आणि कपाट चालू व्हायच्या आत १२ नंबर एका कामगाराच्या मोबाइलला देऊन टाकला. माझ्या फाइलीला याचा पत्ताच नाही. ती आपली इमानेइतबारे सगळ्यांना त्या मोबाइलकडे धाडत होती, आणि मोबाइल बिचारा पिंगला ओ देत होता.

चूक माझीच. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक मॅक क्रमांक मिळालेला असतो. राउटरमध्ये जाऊन कपाटाच्या त्या क्रमांकावर १२ नंबर कायमचा राखून ठेवला, राउटर पुन्हा चालू केला. होस्ट्स फाइलीतल्या ओळीला हातही लावावा लागला नाही. फक्त तिच्या वर हॅशचं चिन्ह टाकून, म्हणजे कॉम्प्युटर जी ओळ वाचत नाही अशी, एक ओळ लिहिली : 'पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला आहे', आणि तारीख.

मेव्हण्याने खांद्यावरून वाकून वाचलं आणि विचारलं, "हे आधीच का नाही केलंत?"