नृत्य आणि चित्रपट: दोन कपाटांत विभागलेला एक इतिहास

भारतातील नृत्य आणि चित्रपट यांचा एकत्र विचार करणारी अभ्यासपूर्ण पुस्तके गेल्या दहा-पंधरा वर्षांत विद्यापीठीय प्रकाशनांकडून सातत्याने येऊ लागली आहेत. त्याआधी हे दोन विषय ग्रंथालयात वेगवेगळ्या कपाटांत असत. नृत्याच्या पुस्तकांत नाट्यशास्त्र, मंदिरांवरील शिल्पे आणि गुरुपरंपरा यांचे विवेचन असे. चित्रपटाच्या पुस्तकांत दिग्दर्शक आणि कथानक यांची चर्चा असे आणि नाचगाणे म्हणजे कथेतला खंड, असे गृहीत धरले जाई. ही विभागणी कशी झाली हे पाहायचे तर भरतनाट्यमपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते, आणि तिथे मराठी वाचकाला आपला धागा लगेच सापडतो.

तंजावरच्या भोसले दरबारात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळी (१७९८ ते १८३२) चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी नृत्यप्रयोगाचा जो क्रम बसवला, तो आजही रंगमंचावर दिसतो. त्याच दरबारात नृत्यासाठी मराठी पदरचना, म्हणजे ‘निरूपणे’, लिहिली गेली. पुढे १८८० च्या सुमारास तंजावरच्या राजकन्येचा विवाह सयाजीराव गायकवाडांशी झाला, तेव्हा तिकडच्या नर्तकी बडोद्यालाही आल्या. ही कला जपली ती देवदासी कुटुंबांतील स्त्रियांनी आणि त्यांना शिकवणाऱ्या नट्टुवनारांनी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या नृत्याविरुद्ध चळवळ उभी राहिली. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि मद्रास इलाख्यात १९४७ मध्ये देवदासी प्रथेला आळा घालणारे कायदे झाले. स्त्रियांच्या शोषणाविरुद्धची ती चळवळ आवश्यकच होती. परंतु ज्यांची कला होती, त्यांच्या हातून तिचे व्यासपीठ गेले आणि त्याच सुमारास ते उच्चवर्णीय कुटुंबांतील मुलींना खुले झाले, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. ब्राह्मण कुटुंबातील रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ मध्ये जाहीर प्रयोग केला आणि १९३६ मध्ये मद्रासला कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था स्थापन केली. पूर्वी नट्टुवनार आणि वादक नर्तकीच्या मागे उभे राहून तिच्यासोबत पुढेमागे सरकत. नव्या मांडणीत त्यांना रंगमंचाच्या एका कडेला बसवण्यात आले.

याच वर्षांत तमिळ बोलपट बाळसे धरत होता, आणि नेमके हेच बराच काळ अभ्यासकांच्या नजरेतून निसटले होते. दरबार आणि देऊळ हे दोन्ही आश्रय सुटलेल्या कुटुंबांतील काही स्त्रिया चित्रपटांत आल्या, तर काही नट्टुवनार चित्रपटांसाठी नृत्ये बसवू लागले. नट्टुवनार वळुवूर रामय्या पिळ्ळै यांची शिष्या कमला ‘नाम इरुवर’ या चित्रपटात तमिळ कवी सुब्रह्मण्य भारतींच्या स्वातंत्र्यगीतावर नाचली. हा चित्रपट पडद्यावर आला जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे प्रत्यक्ष स्वातंत्र्यापूर्वी सात महिने. ज्यांनी सभागृहातील प्रयोग कधी पाहिला नव्हता, अशा गावोगावच्या प्रेक्षकांना भरतनाट्यम पहिल्यांदा दिसले ते अशा गाण्यांतून. वैजयंतीमाला याही वळुवूरांच्याच शिष्या. त्यांच्यामार्फत ही शैली मुंबईच्या हिंदी पडद्यावर पोहोचली.

अभ्यासाची दिशा बदलली ती १९८० च्या दशकात. अमृत श्रीनिवासन यांनी १९८५ मध्ये सुधारणा आणि पुनरुज्जीवन या दोन्ही चळवळींची चिकित्सा केली, तर सास्किया केर्सेनबूम यांनी १९८७ मध्ये मंदिरातील नर्तकीच्या विधीगत स्थानावर ग्रंथ लिहिला. दवेश सोनेजी यांच्या २०१२ च्या पुस्तकाने तंजावरच्या मराठी दरबारापासून थेट हयात असलेल्या देवदासी स्त्रियांच्या आठवणींपर्यंतचा पट उलगडला. हरी कृष्णन हे स्वतः नर्तक आहेत. तमिळ चित्रपट आणि आधुनिक भरतनाट्यम यांनी एकमेकांना घडवले, हे त्यांनी २०१९ मध्ये सविस्तर मांडले. पुढच्याच वर्षी उषा अय्यर यांचे हिंदी चित्रपटातील नर्तकींवरील पुस्तक आले. अझूरी आणि साधना बोस यांच्यापासून माधुरी दीक्षितपर्यंतच्या स्त्रियांचे नाचणे हेच त्यांनी इतिहासाचे साधन मानले. माझ्या मते या साऱ्यांत हा बदल सर्वांत मोलाचा आहे, कारण नर्तकीचे शरीर, तिची तालीम आणि तिच्यामागे नाचणारा घोळका यांना त्यामुळे प्रथमच पुराव्याचे मोल आले.

साधनांची टंचाई मात्र मोठी आहे. मूकपटांपैकी आणि आरंभीच्या बोलपटांपैकी बहुसंख्य नष्ट झाले आहेत. अशा वेळी जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका कामी येतात. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने त्या जपून ठेवल्या आहेत.

कला कोणाची आणि तिच्यावर हक्क कोणाचा, हाच प्रश्न महाराष्ट्रात लावणी आणि तमाशाच्या संदर्भात पुढे आला. शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये लावणी सादर करणाऱ्या स्त्रियांची जात, त्यांचे श्रम आणि लावणीवर मध्यमवर्गाने सांगितलेला हक्क यांचा परस्परसंबंध मांडला. शैलजा पाईक यांच्या २०२२ च्या पुस्तकात अश्लील, अस्सल आणि माणुसकी या तीन मराठी शब्दांभोवती तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास उभा राहतो. त्यात पठ्ठे बापूरावांच्या जोडीने फड गाजवणारी हिवरगावची पवळा आहे. लावण्या आजही बापूरावांच्या नावाने छापल्या आणि गायल्या जातात. ज्या पवळेच्या गळ्यातून आणि पावलांतून त्या लोकांपर्यंत गेल्या, तिचे नाव त्या पानावर नसते.