लोरी स्टेट पार्क: कुठला पास, कुठलं लायसन्स, कुठली कागदपत्रं

कोलोराडोत फोर्ट कॉलिन्सच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी लोरी स्टेट पार्क आहे आणि त्याला खेटूनच हॉर्सटूथ जलाशय. दिसायला सगळं एकच, पण पार्क राज्याचा आणि जलाशयाचा कारभार लॅरिमर काउंटीकडे. राज्याचा पास काउंटीच्या फाटकावर चालत नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते.

तुमची गाडी कोलोराडोत रजिस्टर असेल तर आधी रजिस्ट्रेशन कार्ड नीट बघा. 2023 पासून रजिस्ट्रेशन करताना ‘कीप कोलोराडो वाइल्ड’ पासची रक्कम आपोआप बिलात धरली जाते. सुरुवातीला ती 29 डॉलर होती. नको म्हटलं नसेल तर पास तुमच्याकडे आहेच, त्याची खूण त्या कार्डावर छापलेली असते. पास त्या गाडीपुरताच. दुसऱ्या गाडीला लावता येत नाही. भाड्याची गाडी असेल तर फाटकावर दिवसाचा पास घ्या, तो दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत चालतो. लायब्ररी कार्ड असेल तर अनेक सार्वजनिक लायब्रऱ्यांतून स्टेट पार्कचा पास ठेवलेली सॅक आठवडाभर फुकट मिळते. ही सोय फार कमी लोकांना ठाऊक आहे.

मुक्कामासाठी इथे डोंगरात आत, चालत जाण्याच्या मोजक्याच जागा आहेत. आरक्षण आधी करावंच लागतं, त्याचे पैसे वेगळे, आणि गाडीचा पास लागतो तो लागतोच. शेकोटीला बंदी आहे.

मासेमारीचं लायसन्स 16 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला हवं. रहिवाशाचा दर मिळवायला अर्जाच्या लगेच आधीचे सलग सहा महिने कोलोराडोत राहिलेलं असावं लागतं; फोटो ओळखपत्र आणि रहिवासाचा पुरावा जवळ ठेवा. वार्षिक लायसन्स 1 मार्चपासून पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत, म्हणजे तेरा महिने. भारतातून आई-बाबा आलेत आणि बाबांना एकदाच गळ टाकून बघायचाय? मग एका दिवसाचं लायसन्स काढा, नाहीतर जूनचा पहिला पूर्ण शनिवार-रविवार गाठा. त्या दोन दिवसांत लायसन्स लागत नाही.

मोटारबोट पाण्यात घालायचा रॅम्प लोरीत नाही, त्यासाठी काउंटीच्या बाजूला जावं लागतं. तिथे काउंटीचा परवाना, बोटीचं रजिस्ट्रेशन, उपद्रवी जलजीव रोखण्यासाठीचा राज्याचा स्टॅम्प आणि बोटीची तपासणी, चारही हवं. कयाक किंवा पॅडलबोर्डला स्टॅम्प लागत नाही, मात्र माणशी एक लाइफ जॅकेट असलंच पाहिजे, आणि 13 वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घातलेलं हवं.