पाण्यावरून पळणारा आणि मेरेवरून उडी मारणारा

जुलैत गोव्यातल्या कुठल्याही भातशेतात रात्री टॉर्च फिरवली की मातकट, खरबरीत पाठीचे छोटे बेडूक पावलोपावली दिसतात. फोटो काढणारे बहुतेक जण त्यांना 'साधा बेडूक' म्हणून सोडून देतात. त्या गर्दीत निदान दोन वेगळ्या जातकुळी असतात: स्किटरिंग फ्रॉग, म्हणजे युफ्लिक्टिस, आणि क्रिकेट फ्रॉग, म्हणजे मिनर्वार्या. जुन्या पुस्तकांत हा दुसरा फेजर्वार्या या नावाने सापडेल.

वरून काढलेल्या फोटोत दोघे सहज फसवतात. म्हणून कॅमेरा उचलण्याआधी तो पळतो कसा, ते बघा.

स्किटरिंग फ्रॉग पाण्यातच असतो. पाय फाकून तरंगतो, वर फक्त डोळे आणि नाकपुड्या. जवळ गेलात की नदीत भिरकावलेल्या चपट्या दगडासारखा पाण्यावरून टप्पे घेत सुटतो, थोड्या अंतरावर थांबतो आणि पुन्हा डोळे वर काढून बसतो. क्रिकेट फ्रॉगला ही करामत जमत नाही. तो मेरेच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, गवतात नाहीतर चिखलाच्या कडेला बसतो, घाबरला की एकच लांब उडी मारून दिसेनासा होतो.

अंगावरच्या खुणाही याच राहणीशी जुळतात. स्किटरिंगच्या मागच्या पायांची बोटे टोकापर्यंत पडद्याने जोडलेली, डोळे वर वळलेले, पाठीवर नुसत्या पुटकुळ्या. क्रिकेट फ्रॉगचा पडदा अपुरा आणि पाठीवर उभ्या, तुटक वळ्या. पाठीच्या मधोमध जाणारी फिकट रेघ मात्र अजिबात धरू नका. एकाच शेतातल्या क्रिकेट फ्रॉगांत काहींना ती असते, काहींना नसते. त्यापेक्षा क्रिकेट फ्रॉगच्या पोटाच्या कडेने जाणारी बारीक रेघ शोधा. ती बाजूने, जमिनीलगत लेन्स ठेवून काढलेल्या फोटोतच दिसते. नर ओरडत असेल तर काम आणखी सोपे: स्किटरिंगच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन फुगे येतात, क्रिकेट फ्रॉगच्या हनुवटीखाली एकच, आणि त्यावर काळपट डाग.

उन्हाळ्यात तर प्रश्नच नाही. एप्रिल-मेमध्ये तळ्यात किंवा विहिरीत असे मातकट डोळे दिसले की बहुधा स्किटरिंगच. क्रिकेट फ्रॉगची खरी गजबज पाऊस पडल्यावर.

स्किटरिंगचा फोटो दिवसा काढलेला बरा. पोलरायझर लावला की पाण्यावरची चकाकी मरते आणि खालचे पायही दिसतात. क्रिकेट फ्रॉगसाठी रात्र, मॅक्रो लेन्स आणि प्रकाश मऊ करणारा डिफ्यूझर लावलेला फ्लॅश. पायाचा पडदा दाखवायला बेडूक हातात धरायची गरज नाही, आणि ओडोमॉस चोपडलेल्या हाताने तर नकोच. बेडकाची कातडी ते शोषून घेते. पहिल्या पावसात टॉर्च घेऊन शेतात शिरणार असाल तर गावात आधी सांगून ठेवा. 'जंपिंग चिकन'साठी, म्हणजे बेडकाच्या मांसासाठी, मोठे बेडूक चोरून पकडणारे याच दिवसांत, असेच टॉर्च घेऊन फिरतात. ही शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे संशय आधी तुमच्यावरच येणार.

एवढे करूनही क्रिकेट फ्रॉगची नेमकी प्रजाती फोटोवरून ठरवू नका. मिनर्वार्यातल्या कित्येक प्रजाती दिसायला जवळपास सारख्या आहेत. २०१५ मध्ये वर्णन झालेली गोमंतकी आणि जांभ्या दगडाच्या सड्यांवरून नोंदलेली गोएमची, या दोन्हींच्या नावातच गोवा आहे. त्यांची फोड डीएनएवर आणि आवाजावर होते. तेव्हा मोबाइलवर मिनिटभर आवाज रेकॉर्ड करा, ठिकाण आणि वेळ लिहून ठेवा, आणि फोटोखाली 'मिनर्वार्या' एवढेच लिहून थांबा.