डबलसीट चोर्ला चढणाऱ्याने कोणता कॅम घ्यावा?

गोव्यातल्या केरीहून डबलसीट चोर्ला घाट चढताना बुलेट बहुतेक वेळ अडीच-तीन हजार आरपीएमवरच (इंजिनचे मिनिटाला फेरे) असते. जोर तिथेच हवा असतो, आणि ‘परफॉर्मन्स’ म्हणून विकला जाणारा कॅम (इंजिनच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा दांडा) बहुधा तिथलाच जोर काढून घेतो.

हा कॅम म्हणजे कॅमशाफ्ट, क्रँकच्या (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) निम्म्या वेगाने फिरतो. त्यावरचे लोब, म्हणजे उंचवटे, व्हॉल्व्ह उघडतात. व्हॉल्व्ह किती उचलला जातो ती लिफ्ट, आणि क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते ड्युरेशन. खरी गोम ड्युरेशनमध्ये आहे. पिस्टन तळाला पोचला तरी हवा-इंधन आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही. इंजिन वेगात असेल तर आत धावणारी हवा त्याच ओघात शिरत राहते, सिलिंडर जास्त भरतो. मंद गतीला हवेत तो ओघ नसतो. मग वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण उलट इनटेककडे ढकलतो आणि कॉम्प्रेशन पडतं. लांब ड्युरेशनच्या कॅममध्ये व्हॉल्व्ह आणखी उशिरा मिटतो, म्हणून वरच्या आरपीएमला कमाई आणि खाली तोटा. शिवाय जळका धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटण्याआधी इनटेक उघडतो तो ओव्हरलॅपही सहसा वाढतो, आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन अडखळतं. काहींना तो आवाजच हवा असतो. तो हौसेचा भाग.

रॉयल एनफिल्डच्या सध्याच्या क्लासिक 350 चा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) 27 न्यूटन-मीटर, 4000 आरपीएमला मिळतो. कमाल पॉवर 20.2 बीएचपी, 6100 ला. पणजीत दिवसभर थांबत-निघत भाडी मारणारा पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाला) त्या 6100 पर्यंत जाणार कधी? त्याचा कॅम झिजला असेल तर त्याने कंपनीच्या मापाचाच घ्यावा. सोबत रॉकर (लोबचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारा भाग) आणि तेलाचा मार्गही तपासून घ्यावा, नाहीतर नवा लोबही तसाच खाल्ला जाईल.

इंजिन सतत वरच्या आरपीएमला पिळणाऱ्याने लांब ड्युरेशनचा विचार जरूर करावा. पण मग खर्च कॅमपुरता राहत नाही. व्हॉल्व्ह मिटवणारी स्प्रिंग कमजोर असेल तर व्हॉल्व्ह लोबची साथ सोडून तरंगतो, जास्त लिफ्टमुळे तो पिस्टनला आपटण्याचा धोका असतो, आणि इंधनाचं मॅपिंगही (कधी किती इंधन जावं याची मांडणी) नव्याने करावं लागतं.

निव्वळ पिकअप हवा असेल तर आधी पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने लहान करून बघावं. खर्च किरकोळ, फक्त हायवेला त्याच वेगात इंजिन थोडं जास्त फिरेल.